राहेलबाईंची उपकारस्तुती

आमच्या सासूबाई, राहेलबाई, नळाचे उपकार मानायच्या. थट्टा करत नाहीये. नाताळच्या दिवशी चर्चमधून आल्यावर, घरातले सगळे नवे कपडे घालून उभे असताना, त्या डोळे मिटून देवाला सांगायच्या, "बापा, औंदा नळाला आठ दिवसाआड का हुईना पानी आलं, तुझे उपकार. मिक्सर जळला न्हाई, तुझे उपकार. गॅसची टाकी येळेवर आली, तुझे उपकार. आमेन." झालं. त्यात माणूस एकही नाही. मुलगा नाही, सून नाही, एकुलती एक नात नाही.

मी नांदेडची, वडील रेल्वेत. आमच्या घरी नाताळ म्हणजे कॉलनीभर फराळाची ताटं आणि पत्त्यांचे डाव. उपकारस्तुती व्हायची ती चर्चमध्ये, पाळकसाहेब करायचे, आम्ही आमेन म्हणायचो. लग्न होऊन मी ह्या घरात आले तेव्हा इथली रीत बघून आधी गोंधळले आणि मग प्रेमातच पडले.

ती रीत माझ्या सासऱ्यांची, शमुवेल मास्तरांची. ते किल्लारीच्या बाजूच्या एका खेड्यात शाळामास्तर होते. नाताळच्या दुपारी घरातल्यांनी गोल उभं राहायचं. एकानं दुसऱ्याच्या डोक्यावर हात ठेवायचा, त्याचं नाव घ्यायचं, ह्या वर्षात त्याच्यामुळे काय बरं झालं ते देवाला मोठ्यानं सांगायचं आणि त्याच्या तोंडात करंजी कोंबायची. मग ज्याचं नाव घेतलं, त्याची पाळी. माझ्या पहिल्या नाताळला माझी नणंद कृपा माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "देवा, एस्तेरवैनीनं माझी नवी साडी इस्त्रीनं जाळली, पण लपवली न्हाई, सरळ येऊन सांगितलं. असलं खरं बोलणारं मानूस दिल्याबद्दल तुझे उपकार." सगळे पोट धरून हसले. मी करंजी खाता खाता रडले. आपलं नाव घेऊन कुणी देवाशी बोलतंय, हे मी तोवर अनुभवलंच नव्हतं.

त्या वेळच्या राहेलबाई वेगळ्या होत्या. लातूरला मिशनच्या दवाखान्यात आया होत्या. दणदणीत आवाज, वॉर्डात त्या हसल्या की बाळंतिणी दचकून जाग्या व्हायच्या. ब्याण्णवच्या नाताळला त्यांची पाळी शेवटी आली. एकाच्या डोक्यावर हात ठेवून त्यांचं भागेना. त्या गोलात फिरल्या. मास्तर, कृपा, माझे मिस्टर दाविद, मी, दोन वर्षांची आमची सुवार्ता. प्रत्येकाचं नाव घेतलं, स्वतःच्या छातीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "सा जन दिलेस, सा जन ठिवलेस. एकबी कमी केला न्हाईस."

पुढच्या सप्टेंबरात भूकंप झाला.

गणपती बुडवून लोक निजले होते, पहाटेची वेळ. सासूबाईंची लातूरला रात्रपाळी होती, आम्ही तिघं लातुरातच भाड्याच्या खोलीत. मास्तर आणि कृपा गावच्या घरात होते. दगडमातीच्या भिंती आणि वर पांढऱ्या मातीचं हातभर जाडीचं माळवद. पहिली जीप मिळाली तिनं सासूबाई गावाला गेल्या आणि दोन दिवस हातांनी माती उपसत राहिल्या. मी गेले तेव्हा त्यांच्या बोटांना नखं उरली नव्हती. कृपा पहिल्या दिवशी सापडली, मास्तर दुसऱ्या दिवशी.

त्यानंतर ह्या बाईच्या अंगात भीती जी शिरली ती निघालीच नाही. घराची कडी त्या लावू देत नसत, दार अडकलं तर? चपला घालून झोपायच्या. वरच्या मजल्यावर कुणी खुर्ची सरकवली की ह्या अंगणात. रस्त्यावरून खडीचा ट्रक गेला की ह्या अंगणात. एकदा माझी हंडी फडताळातून पडली, तर भाजलेल्या पोळीसकट अंगणात. आम्ही लातूरला घर बांधलं तेव्हा स्लॅबखाली राहायला त्यांनी साफ नकार दिला. अंगणात पत्र्याचा आडोसा करून घेतला आणि थंडी असो, पाऊस असो, बाज तिथंच. शेजारची फरीदा म्हणायची, "भाभी, तुमच्या सासूबाई राखणीला हायेत, तुमाला कुत्रं पाळायची गरज न्हाई." मीही हसायचे. हसायचे, कारण न हसले तर ती भीती माझ्या अंगावर यायची.

आणि उपकारस्तुतीत माणसाचं नाव घेणं बंद. त्र्याण्णवच्या नाताळला मी सासूबाईंना म्हटलं, "आत्या, आपण रीत तर पाळू." त्या म्हणाल्या, "रीत पाळीन. नाव घेनार न्हाई. म्या मोजून दाखवलं त्याला. एकबी कमी न्हाई म्हनले. मोजायचं नसतंय, एस्तेर." पाळकसाहेबांनी समजावलं, की हा नजर लागण्याचा प्रकार झाला, विश्वासणाऱ्यानं असं मानू नये. सासूबाईंनी त्यांना चहा दिला, बिस्किटं दिली आणि म्हणाल्या, "साहेब, तुमी शास्त्र शिकलाव. म्या ढिगारा उपसलाय." पाळकसाहेब चहा पिऊन गेले.

त्यांनी आम्हालाही कुणाचं नाव घेऊ दिलं नाही. कुणी तोंड उघडलं की त्यांचा चेहरा पांढराफटक व्हायचा, म्हणून आम्हीही नळ आणि मिक्सरवर आलो. वर्षामागून वर्षं गेली. मला राग यायचा, खोटं कशाला बोलू. त्यांच्या पथ्यापाण्याला मी, दवाखान्याला मी, आणि देवापुढे उपकार मिक्सरचे!

ह्या वर्षांत लातूरचं रूप पालटलं. ज्या गावाच्या आसपास लोक पत्र्याच्या शेडमध्ये रडत होते, तिथं गल्लोगल्ली क्लास उघडले. चौकाचौकांत गुणवंत पोरांचे फोटो लागले, नांदेडपासून, जळकोटपासून आईबाप पोरांच्या गाद्या बांधून घेऊन येऊ लागले. आमच्या वरच्या दोन खोल्यांत पोरी राहायला आल्या. त्या जिना उतरताना पुटपुटत उतरायच्या, कधी सूत्रं, कधी हाडांची नावं. हे रोज बघून मलाही चढलं. सुवार्ता दहावीला चांगली पास झाली आणि मी ठरवून टाकलं, ही डॉक्टर होणार. तिला विचारलं का? विचारलं. "होशील ना गं डॉक्टर?" असं. ह्याला विचारणं म्हणत असतील तर विचारलं.

दोन हजार सातचा नाताळ. सुवार्ता बारावीला. क्लासवाल्यांनी पाटीच लावली होती, पंचवीस डिसेंबरला सुट्टी नाही, बारा ते तीन पेपर. चर्चमधून घरी यायला अकरा वाजले. पोरीला निघायची घाई. गोल उभा राहिला, चार जणांचा कसला गोल, चौकोनच. सासूबाईंनी नळापासून सुरुवात केली आणि माझं डोकं फिरलं. कणीक तिंबून, करंज्या तळून, चार दिवस राबून मी थकले होते हेही खरं. मी पुढे झाले, सुवार्ताच्या डोक्यावर हात ठेवला आणि मोठ्यानं म्हटलं, "देवा, माझ्या सुवार्ताबद्दल तुझे उपकार. ती डॉक्टर होणार, आजोबांचं नाव काढणार, ह्या घराचं दुःख धुऊन टाकणार, ह्याबद्दल तुझे उपकार."

सासूबाईंनी "नगं!" म्हणून माझा हात खेचला. "नगं, एस्तेर, नगं घिऊ!" मी सुवार्ताच्या तोंडात करंजी कोंबली. तिनं चावली नाही. गालात तशीच धरून सायकल काढली आणि गेली. पेपरचं टेन्शन असेल, असं मी मनाशी म्हटलं.

तीनपासून सासूबाई फाटकात उभ्या. मी आतून ओरडले, "आत्या, पेपर तीनला सुटतो, पोरीला पंख नाहीत." साडेतीन झाले. चार झाले. क्लास सायकलवर दहा मिनिटांचा. मैत्रिणींशी बोलत उभी असेल, म्हटलं. सव्वाचारला मी पदराला हात पुसले आणि फाटकात त्यांच्याशेजारी जाऊन उभी राहिले.

मिस्टरांनी स्कूटर काढली, मी मागे बसले. क्लासच्या टेबलामागे एक मुलगी होती, तिनं रजिस्टर उघडलं, बोट फिरवलं आणि अगदी सहज म्हणाली, "सुवार्ता दाविद ना? आज आलीच नाही." मग पान मागे उलटलं, आणखी एक उलटलं. "दिवाळीपासून आलेली नाही, मॅडम. आम्ही घरी पत्र पाठवलं होतं." पत्र आलंच नव्हतं. म्हणजे आलं असेल, पण माझ्या हाती लागलं नव्हतं. दिवाळीपासून रोज माझी पोरगी डबा घेऊन सायकलवर जात होती आणि रोज संध्याकाळी परत येत होती. कुठे जात होती?

त्यानंतरचा तास मला नीट आठवत नाही. त्याच दिवाळीनंतर आमच्या मागच्या गल्लीतल्या हॉस्टेलवर एका पोराच्या आईबापांना गावाहून बोलावून घेतलं होतं. वर खोलीत पोराला चादरीखाली ठेवलं होतं. आई जिन्यावरच बसली होती, वर जायला तयार नव्हती. मी तेव्हा तिला पाणी नेऊन दिलं होतं. आता डोळ्यांपुढे तोच जिना येत होता आणि त्यावर मी बसले होते. मिस्टर एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक, स्टँडवर त्यांच्या ओळखी. ते तिकडे धावले. फरीदानं तिच्या घरच्यांना स्टेशनकडे पाठवलं. मी अंगणात उभी राहून एकच गोष्ट पुटपुटत होते, मी नाव घेतलं, मी नाव घेतलं. ज्या भीतीला चौदा वर्षं हसले, ती पाऊण तासात माझ्या घशापर्यंत आली होती. मी सासूबाईंच्या पायाशी बसले. "आत्या, मी घेतलं हो नाव. तुम्ही नको म्हणत होता."

मला वाटलं, त्या कोसळतील. खुर्ची सरकली तर पळणारी बाई. पण त्यांनी चपलेचा पट्टा घट्ट केला आणि म्हणाल्या, "ऊठ. रडायचं मागून. चल."

"कुठे?"

"भ्यालेलं मानूस छताखाली थांबत न्हाई. घरात, हाटेलात, कुनाच्या खोलीत बघू नगंस. उघड्यावर बघायचं."

आम्ही आधी क्रीडा संकुलाच्या मैदानावर गेलो. पोरं क्रिकेट खेळत होती, तिकडे बायकांचा घोळका बसला होता. सासूबाईंनी एकदा नजर फिरवली. "न्हाई. लई मानसं हायेत." मग आम्ही रिंगरोडच्या पलीकडे निघालो, जिथं शेतं मोडून प्लॉट पाडले होते. चुन्याच्या रेघा, कोपऱ्यांवर रोवलेले दगड, घर एकही नाही. मी चालत कसली होते, ठेचकाळत होते. मनात येणारा प्रत्येक विचार मी अर्ध्यात तोडत होते, कारण पुरा झाला तर खरा होईल असं वाटत होतं.

साडेपाचच्या सुमाराला तिची सायकल दिसली, आडवी पडलेली. पुढे खडीच्या ढिगावर पाठमोरी सुवार्ता, नाताळचा पिवळा ड्रेस, गुडघ्यांत डोकं. हलत नव्हती.

मी किंचाळून पळणार, तोच सासूबाईंनी माझं मनगट धरलं. काय पकड होती! "पळू नगं," त्या अगदी हळू म्हणाल्या. "ढिगाऱ्याकडं पळत गेलं की माती सरकतीया. खालच्या मानसावर येतीया. सावकास जायचं. बोलत जायचं, आपुन येलाव म्हनून त्याला कळलं पायजे."

आणि त्या बोलत निघाल्या. साध्या आवाजात, जणू भाजी आणायला चालल्या होत्या. "सुवार्ता, म्या हाय गं. आज्जी. तुजी मम्मीबी हाय. सायकल का आडवी टाकलीस, चैन निसटंल की. आमी येलाव बरं का. बस तू. उटू नगं."

सुवार्तानं डोकं वर केलं. जिवंत होती. मी तिथंच चुन्याच्या रेघेवर मटकन बसले.

सासूबाई तिच्याशेजारी खडीवर बसल्या. मग पोरगी बोलायला लागली, आजीशी, माझ्याकडे न बघता. क्लासमध्ये मार्कांप्रमाणे बॅच पाडतात. ती अ बॅचमधून ब मध्ये गेली, ब मधून थेट ड मध्ये. यादी बाहेर काचेत लावतात. दिवाळीच्या आधी तिनं ती यादी बघितली आणि आत पाऊलच पडेना. तेव्हापासून रोज ती इथं येऊन बसायची, डबा खायची, पाचला घरी. "आज पेपरला जायचंच ठरवलं होतं आज्जी, खरंच," ती म्हणाली. "पण मम्मीनं देवाला सांगून टाकलं. डॉक्टर होणार म्हणून. मी आता घरी कशी येऊ? मी तर देवालाच खोटं पाडलं ना?" मग हुंदके देत म्हणाली, "तू नळाचे उपकार मानतेस तेच बरं. नळाला पेपर द्यावा लागत नाही."

सासूबाईंना वाटायचं नाव घेतल्यानं नजर लागते. नजर वगैरे काही नव्हती. मी पोरीच्या डोक्यावर हात ठेवला होता आणि उपकार मात्र भलत्याच कुणाचे मानले होते. पांढरा कोट घातलेल्या, अजून जन्मालाही न आलेल्या एका बाईचे. माझी खरी पोरगी त्या हाताखाली दबून गेली होती. मला माझीच लाज वाटली आणि तिथं, उघड्या माळावर, मी मोठ्यानं रडले.

सुवार्ता आजीला म्हणाली, "तू तर माझं नाव कधीच घेतलं नाहीस. मी नापास झाले तर घेशील?"

सासूबाईंनी मान वळवून रस्त्याकडे बघितलं. मला वाटलं, मोठी गाडी गेली की काय, पण रस्ता रिकामा होता. त्यांनी दोन वेळा हात उचलला आणि दोन वेळा खाली घेतला. नका घेऊ, असं मीच म्हणणार होते. तिसऱ्यांदा त्यांनी हात उचलला आणि पोरीच्या डोक्यावर ठेवला, ती नखं नीट न उगवलेली बोटं.

"बापा," त्या म्हणाल्या. दात वाजत होते. "सुवार्ता हाय. डाक्टर न्हाई, कोन न्हाई. हितं खडीवर बसलीया. हाय, तुझे उपकार." श्वास घेतला. "दाविद हाय. स्टँडावर हुडकीत असंल. तुझे उपकार." मग माझ्याकडे न बघता, "एस्तेर हाय. चौदा वर्सं माझं भ्या सांभाळलंया तिनं. लई उपकार."

मला वाटलं, संपलं. पण त्या थांबल्या नव्हत्या. हात आता कुणाच्या डोक्यावर नव्हता, नुसता हवेत होता.

"शमुवेल मास्तर व्हते," त्या म्हणाल्या. "किरपा व्हती. व्हती, ह्याचेबी उपकार."

चौदा वर्षांत ती दोन नावं त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकली. आम्ही तिघी आमेन म्हणालो. करंजी नव्हती. सुवार्तानं डब्यातला सकाळचा पोळीचा तुकडा काढला आणि आजीच्या तोंडात घातला.

मी सायकल उभी केली, चैन बसवली. आम्ही परत निघालो, सासूबाई सुवार्ताला धरून. त्या दर दहा पावलांना थांबून सुवार्ताला चाचपत होत्या, दंडाला, खांद्याला. सुवार्तानं त्यांना विचारलं, "आज्जी, अजून भीती वाटायलीय?"

"लई वाटायलीय."

"मग घेतलंस कशाला नाव?"

"चौदा वर्सं घेतलं न्हाई, तवाबी वाटतच व्हती की गं," राहेलबाई म्हणाल्या. "म्हनलं, मग नाव घिऊनच भ्यावं."